खाचेतील कार्डे आणि अडकलेले शब्द

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि रुमालांत बांधलेली दप्तरे येतात. या साधनांचे वाचन हे एक स्वतंत्र शास्त्र आहे हे आपण मान्य केलेले आहे. मोडी कागद हाती असणे आणि तो वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मराठीच्या विद्यार्थ्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. परंतु अवघ्या तीस वर्षांपूर्वीची नोंदही ताम्रपटाइतकीच मुकी होऊ शकते, याचा प्रत्यय आम्हांला आमच्याच महाविद्यालयाच्या अडगळीच्या खोलीत आला. त्या निमित्ताने संगणकाच्या पोटातील खाचा, त्यांत बसणारी कार्डे आणि त्यांच्या दुरुस्तीचा इतिहास आम्हांला धुंडाळावा लागला. त्याचीच ही हकिकत.

झाले असे की, खोली रिकामी करण्याचा आदेश निघाला. डेडस्टॉक रजिस्टरातील जुने संगणक निर्लेखित करून भंगारात द्यायचे ठरले. त्यांत दोन यंत्रे अशी होती की ज्यांच्याकडे पाहून दोन विभागांचा जीव खालीवर झाला. एक होते मराठी विभागाचे. आमच्या एका दिवंगत गुरुजींनी गावोगाव हिंडून जमविलेला शेतीविषयक शब्दांचा संग्रह १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यावर टंकित केला होता, आणि त्याच्या सव्वापाच इंची फ्लॉपी त्यांच्या कुटुंबीयांनी विभागाला आणून दिल्या होत्या. मूळ चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. ज्यांच्या तोंडून ते शब्द टिपले ती माणसेही आज हयात नाहीत. दुसरे यंत्र पदार्थविज्ञान विभागाचे. त्यात मापननोंदीचे एक कार्ड होते आणि अनेक वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगांचे आकडे होते. यंत्रे उचलण्यासाठी माणूस येण्यास आठ दिवसांचा अवधी होता.

येथे थोडे मागे जाणे भाग आहे. आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' १९८१ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. त्याच्या मुख्य फळीवर पाच खाचा होत्या. संगणकाने काय काय करावे हे कारखान्यात ठरवून न टाकता, हवे ते कार्ड आणून खाचेत बसवावे, अशी ही मोकळीक होती. शिवाय कंपनीने यंत्राची तांत्रिक माहिती आकृत्यांसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, त्यामुळे कोणालाही कार्डे बनविता येऊ लागली. १९८४ च्या 'एटी' या यंत्रात खाचांची रुंदी ८ बिटांवरून १६ बिटांवर गेली. पुढे १९८८ मध्ये कॉम्पॅक आणि इतर आठ कंपन्या एकत्र आल्या, तेव्हा या जुन्या रचनेला 'आयएसए' हे नाव रूढ झाले.

या मोकळेपणाची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागे. प्रत्येक कार्डाला दोन गोष्टी लागत : एक पत्ता आणि एक हाक. पत्ता म्हणजे प्रोसेसरने कार्डाशी कोणत्या क्रमांकावर बोलावे ते. आणि हाक म्हणजे कार्डाला काही सांगायचे असेल तेव्हा त्याने प्रोसेसरचे लक्ष कोणत्या तारेने वेधावे ते. या हाकेलाच 'इंटरप्ट' म्हणतात. पहिल्या पीसीत अशा ८ तारा होत्या. 'एटी'मध्ये दुसरी चिप जोडून त्या १५ झाल्या, पण त्यांतील कित्येक घड्याळ, कळफलक, फ्लॉपी आणि हार्ड डिस्क यांनी आधीच अडविलेल्या असत. वाड्यात बिऱ्हाडे अनेक आणि घंटेची दोरी एक, अशी अवस्था. कोणत्या बिऱ्हाडाने दोरी ओढली हे आयएसएच्या रचनेत सहजी कळत नसे, म्हणून एक तार दोघांनी वापरू नये असा दंडक होता.

पत्ता आणि हाक ठरवायची ती कार्डावरील 'जंपर' हलवून. जंपर म्हणजे दोन पिनांवर बसविलेली, नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी. ती एका जोडीवरून काढून शेजारच्या जोडीवर बसविली की कार्डाचा पत्ता बदले. आयबीएमने षोडशमान पद्धतीतील ३०० पासूनचे पत्ते प्रायोगिक कार्डांसाठी राखून ठेवले होते. परिणामी प्रयोगशाळांसाठी मापनाची कार्डे करणाऱ्या अनेकांनी तोच पत्ता पसंत केला, आणि पुढे अनेक नेटवर्क कार्डेही कारखान्यातून त्याच पत्त्यावर येऊ लागली. एकाच पत्त्यावर दोन पाहुणे राहिल्यावर जे व्हायचे तेच होई. दोघेही मुके होत, किंवा एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी ऐकू येई.

असाच दुसरा नेहमीचा घोळ माउसचा. पहिल्या आणि तिसऱ्या सिरियल पोर्टांना रूढीने एकच, म्हणजे चौथी, तार दिलेली होती. पहिल्यावर माउस आणि तिसऱ्यावर मोडेम लावला, की दूरध्वनीने जोडणी सुरू होताच पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजे. माणसे माउस उघडून त्यातील गोळी पुसत बसत. दोष माउसमध्ये नसे, मोडेममध्येही नसे. दोष त्यांच्या शेजारात असे. जुन्या संगणकाच्या दुरुस्तीतील सारे शहाणपण या एका वाक्यात सामावलेले आहे असे आम्हांला वाटते. जे बिघडलेले दिसते तेच बिघडलेले असते असे नाही.

त्या काळी खेळ आणि मापन यांत फारसे अंतर नव्हते, हेही येथे नोंदविले पाहिजे. १९८१ च्याच पीसीसाठी जॉयस्टिक जोडण्याचे एक कार्ड मिळे. जॉयस्टिकची दांडी हलली की आतील रोध शून्य ते १ लाख ओहम यांदरम्यान बदले. कार्डावरील टायमरची नाडी त्या रोधाच्या प्रमाणात लांबे किंवा आखडे. सुमारे २४ मायक्रोसेकंदांपासून सुमारे १.१ मिलिसेकंदांपर्यंत चालणारी ही नाडी संपेपर्यंत संगणक नुसता मोजत राही. किती आकडे मोजून झाले त्यावरून दांडी कोठे आहे ते ठरे. दांडीच्या जागी तापमानानुसार रोध बदलणारा थर्मिस्टर जोडला, की तेच कार्ड तापमापक बने. हौशी विज्ञानशिक्षकांनी अशा युक्त्या पुष्कळ केल्या. मात्र मोजण्याचा वेग प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून असल्याने यंत्र बदलले की आकडे बदलत. म्हणून प्रत्येक वेळी दांडी कोपऱ्याकोपऱ्यांत नेऊन नव्याने जुळवणी करावी लागे. आकडा हा स्वतःहून काही सांगत नाही, तो कोणत्या मापाने घेतला हे सोबत असावे लागते, हा धडा त्या खेळातल्या दांडीनेही दिला होता.

आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांची अडचण नेमकी हीच निघाली. त्यांचे यंत्र सुरू झाले. फाइली निघाल्या. त्यांत ० ते ४०९५ यांदरम्यानच्या संख्यांच्या लांबच लांब रांगा होत्या. कार्ड १२ बिटांचे, म्हणून पायऱ्या ४०९६. परंतु त्या पायऱ्या कोणत्या जिन्याच्या? कार्डाचा जंपर एका जागी असेल तर जिना ० ते १० व्होल्टचा; दुसऱ्या जागी असेल तर उणे ५ ते अधिक ५ व्होल्टचा. २०४८ हा एकच आकडा पहिल्या अर्थाने ५ व्होल्ट होतो आणि दुसऱ्या अर्थाने शून्य. फाइलीत याची नोंद नव्हती, कारण त्या काळी ती जंपरवरच होती. आणि मधल्या काळात नेटवर्क कार्डाशी होणारा पत्त्याचा झगडा मिटविण्यासाठी कोणीतरी हे कार्ड काढून, जंपर हलवून, पुन्हा बसविले होते.

प्रयोगशाळेतील मामांना एवढे आठवत होते की, 'तेव्हा साहेबांनी टोप्या हलवल्या आणि मशीन चालू झालं.' कोणत्या टोप्या, हे त्यांना सांगता येईना, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. सहकाऱ्यांनी मग अनुमानाचा मार्ग धरला. ज्या फाइलींत प्रयोग सुरू होण्यापूर्वीचे आकडे शून्याजवळ रेंगाळत होते, तेथे पहिला जिना. ज्यांत ते २०४८ च्या आसपास होते, तेथे दुसरा. एवढे जमले. पण संकेत किती पटींनी वाढवून घेतला होता, १, १० की १००, हे ठरविणारा जंपर निराळा होता, आणि त्याची जागा फाइलींतून कळेना. वक्रांचे आकार परत आले, त्यांची मापे परत आली नाहीत.

आता आमच्या यंत्राकडे वळू. त्याच्या खाचेत 'जिस्ट' नावाचे कार्ड होते. आज मोबाइलवर मराठी लिहिणाऱ्या पिढीला हे नाव अपरिचित असणार, म्हणून त्याची पूर्वपीठिका सांगतो. संगणकाचा कळफलक आणि पडदा दोन्ही रोमन लिपीसाठी घडलेले. त्यांत देवनागरी कशी आणावी, या प्रश्नावर कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात काम केले. १९८३ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी संकेतांक ठरविले. १९८६ मध्ये 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाणित झाला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, आणि जिस्टचे काम तेथे पुढे गेले. सुधारलेली संकेतप्रणाली, म्हणजेच 'इस्की', भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'आयएस १३१९४' या क्रमांकाने स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली होती. आज आपण महाजालावर जी मराठी वाचतो तिच्या वंशावळीत कानपूर आणि पुणे ही दोन्ही गावे येतात, ती अशी.

इन्स्क्रिप्ट कळफलकाची रचना वर्णमालेचा विचार करून झालेली आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. अल्पप्राण साध्या कळीवर आणि महाप्राण त्याच कळीवर शिफ्ट दाबून : क आणि ख एका घरात, त आणि थ एका घरात. जोडाक्षरासाठी मधे हलन्त द्यायचा. टंकलेखन यंत्रावर अर्धा क, पाऊण ष असे आकार शोधावे लागत. येथे लिहिणाऱ्याने फक्त उच्चाराचा क्रम सांगायचा आणि आकार घडविण्याचे काम यंत्राने करायचे. जिस्ट कार्ड हे काम करी. वर्डस्टार, डीबेस, लोटस यांसारखे मूळचे इंग्रजी कार्यक्रम त्यामुळे पडद्यावर देवनागरी दाखवू लागले. त्या कार्यक्रमांना मराठीचा गंधही नव्हता. ते नुसते क्रमांक पाहत होते. क्रमांकांना अक्षरांचे रूप देणारे कार्ड वेगळे आणि मजकूर सांभाळणारा कार्यक्रम वेगळा, हीच या योजनेतील खुबी होती. पण म्हणूनच कार्ड गेले की मजकूर डोळ्यांना पारखा होई.

आमचे यंत्र पहिल्या दिवशी सुरूच झाले नाही. त्याची बॅटरी संपलेली होती, आणि बॅटरी संपली की अशा संगणकाला आपल्याला कोणते ड्राइव्ह जोडलेले आहेत याचेही विस्मरण होते. ते त्याला सेटअपमध्ये जाऊन पुन्हा सांगितले. हार्ड डिस्क फिरली नाही. डॉसची एक जुनी फ्लॉपी सापडली, तिच्यावरून यंत्र उठले. जिस्ट कार्ड काढून त्याच्या पितळी दिसणाऱ्या कडा खोडरबराने घासल्या आणि पुन्हा बसविले. तरीही पडद्यावर मराठी उमटली नाही, कारण कार्डाला जागे करणारा कार्यक्रम त्या न फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर होता. मग आम्ही कार्डाचा नाद सोडला. सव्वापाच इंची फ्लॉपीवरील फाइली त्याच यंत्रातून साडेतीन इंची फ्लॉपीवर उतरवून घेतल्या आणि तेथून यूएसबीच्या ड्राइव्हने आजच्या संगणकावर आणल्या. एका फ्लॉपीचा काही भाग वाचला गेला नाही. तो गेला तो गेलाच.

हाती आली ती क्रमांकांची माळ. इस्कीत पहिले १२८ क्रमांक इंग्रजीप्रमाणेच असतात, त्यामुळे शब्दांमधील मोकळ्या जागा आणि आकडे स्पष्ट दिसत होते. नंतरचे १२८ भारतीय लिप्यांचे. प्रमाणित तक्त्याप्रमाणे 'क'चा क्रमांक १७९. तो तक्ता लावून पाहिला तर अर्थहीन अक्षरांचा पसारा निघाला. आम्ही गोंधळलो. पुढे उलगडा झाला तो असा : आयबीएम पीसीच्या स्वतःच्या तक्त्यात १७९ क्रमांकावर उभी रेषा आहे, आणि तिच्या आसपास चौकटी काढण्याच्या इतर रेषा. डॉसमधील कार्यक्रम या रेषांनी आपले रकाने आखत. त्या रेषा वाचविण्यासाठी पीसीवर इस्कीची जागा बदललेली एक आवृत्ती वापरात होती. वर्णमालेचा क्रम तोच, घरे मात्र सरकलेली.

ही सरकलेली घरे ओळखताना आमचे मराठीचे शिक्षण उपयोगी पडले, हे सांगताना आम्हांला थोडा अभिमान वाटतो. कोणता क्रमांक सर्वाधिक वेळा येतो ते मोजले. मराठीत सर्वांत अधिक येणारे चिन्ह काना असणार, असे धरून चाललो. एकट्या क्रमांकाचा वारंवार येणारा शब्द 'व' असणार. तीन क्रमांकांचा, अनेकदा येणारा शब्द 'आणि' असणार. इस्कीत ऱ्हस्व वेलांटी लिहिताना आधी दिसत असली तरी साठविताना व्यंजनानंतर येते, म्हणून आ, ण, वेलांटी असा क्रम. तिन्ही अंदाज एकमेकांना जुळले आणि उरलेली घरे त्यांच्या आधाराने भरली गेली. सायंकाळी पडद्यावर 'रुमणे', 'शिवळ', 'कुळव' हे शब्द एकामागून एक उमटले, तेव्हा खोलीत कोणी काही बोलले नाही.

परंतु आणखी एक खोच राहिली होती. शब्द वाचताना 'कुर्हाड', 'चर्हाट', 'गुर्हाळ' अशी रूपे दिसू लागली. आमच्या गुरुजींनी असे लिहिणे शक्य नव्हते. मराठीचा हा जो अर्धा र आहे, 'कुऱ्हाड', 'चऱ्हाट' यांतील, तो रफारापेक्षा वेगळा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' बोलावणे आणि 'आचाऱ्यांना' बोलावणे यांत पंगतीचा फरक आहे. इस्कीत या अर्ध्या रसाठी 'ऱ' हे स्वतंत्र व्यंजन आणि त्यानंतर हलन्त अशी सोय आहे, आणि युनिकोडमध्येही ती तशीच आली. आम्ही मिळविलेल्या रूपांतरकाने मात्र 'ऱ' आणि 'र' यांना एकच मानून टाकले होते. 'कुर्हाड' चुकीचे आहे हे पाहताच कळते. पण 'दर्या' हे रूप समोर आले तर मूळ शब्द कोणता, हे कोणी सांगावे? आम्ही ते रूपांतर टाकून दिले आणि मूळ क्रमांकांकडे परत गेलो. तेथे दोन्ही र आपापल्या जागी शाबूत होते. मूळ फाइल त्या उत्साहाच्या भरात पुसली असती, तर हा भेद कायमचा गेला असता.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १९९२ मध्ये आलेल्या पीसीआय या रचनेत दोन कार्डांना एक तार वाटून घेता येऊ लागली. १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर 'प्लग अँड प्ले'चा बोलबाला झाला. जंपर हलविण्याचे काम यंत्राने स्वतःच करावे, अशी ही कल्पना. एप्रिल १९९८ मध्ये बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना स्कॅनर जोडताच पडदा निळा पडला आणि सभागृहात हशा पिकला, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. तरीही कल्पना टिकली, आणि १९९६ मध्ये आलेल्या यूएसबीने ती घरोघरी नेली. विंडोजच्या एनटी घराण्याने सामान्य कार्यक्रमांना थेट पत्त्यावर बोलण्यास मनाई केली. २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर हे घराणे घरगुती संगणकांवर आले, तेव्हा डॉसच्या काळात लिहिलेले मापनाचे कितीतरी कार्यक्रम एकाएकी निरुपयोगी झाले. मुख्य फळ्यांवरून आयएसएची खाचही नाहीशी होत गेली. हे सारे सोयीचे झाले, यात शंका नाही. टोप्या हलविण्याच्या दिवसांविषयी हळहळ वाटावी असे त्यांत काही नव्हते.

मात्र दोन विभागांच्या दोन यंत्रांचे नशीब वेगळे का ठरले, हा विचार मनातून जात नाही. दोन्हीकडे कार्डे निकामी झाली होती. दोन्हीकडे आकडे शिल्लक होते. आमचे शब्द परत आले, कारण त्या आकड्यांचा संकेत एका सार्वजनिक मानकावर आधारलेला होता. तो कोणा एकाच्या कपाटात नव्हता, आणि त्याचा तक्ता कोणालाही मिळविता येत होता. त्याच काळातील खासगी फाँटांत टंकिलेला मराठी मजकूर उघडताना, प्रत्येक फाँटाचा तक्ता निराळा असल्यामुळे किती यातायात पडते, हे प्रकाशनव्यवसायातील मंडळींना विचारावे. पदार्थविज्ञानाच्या आकड्यांचा संकेत मात्र नखाएवढ्या टोपीत होता, आणि टोपी हलविणाऱ्याने त्या दिवशी यंत्र चालू झाल्याच्या समाधानात कागदावर काही लिहिले नाही. दुरुस्ती यशस्वी झाली आणि नोंद नष्ट झाली, असे क्वचितच एवढ्या स्पष्टपणे पाहायला मिळते.

आठव्या दिवशी भंगाराचा टेम्पो आला. दोन्ही यंत्रे गेली. जिस्टचे कार्ड आणि मापनाचे कार्ड तेवढी आम्ही रजिस्टरात लेखी नोंद करून ठेवून घेतली. मापनाच्या कार्डावरील टोप्या ज्या जागी होत्या त्यांचे चित्र सहकाऱ्यांनी काढून पाकिटात घातले आहे. त्याचा आता उपयोग नाही हे त्यांनाही माहीत आहे. आमच्या शब्दसंग्रहाची मूळ फाइल, सरकलेल्या घरांचा तक्ता आणि तो कसा ओळखला याचे टिपण, या तिन्ही गोष्टी आम्ही एकत्र ठेवल्या आहेत, आणि त्यांची एक प्रत कागदावर छापून विभागाच्या कपाटात ठेवली आहे. वाळवीचा बंदोबस्त अर्थातच वेगळा करावा लागला.